मु. पो. ~

कुठलाही फॉर्म घ्या. शिष्यवृत्तीचा, बँकेचा, रेशनकार्डाचा. त्यात पत्त्याचे दोन रकाने असतात: 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता'. ज्यांचे दोन्ही पत्ते एकच, ते दुसऱ्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे होतात. आमच्या बीड जिल्ह्यात तसं लिहिता न येणारी माणसं लाखांच्या घरात आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेले असे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांकडे निघतात, कोपी घालून राहतात आणि मार्च-एप्रिलात परततात. या काळात सध्याचा पत्ता फडागणिक बदलतो. कायमचा पत्ता मात्र एकच राहतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये ज्या घराची नोंद आहे, ते घर.

मी याच जिल्ह्यातला, आणि पोटासाठी सर्व्हर सांभाळतो. गावाकडची मुलं माझ्याकडे कमांड लाइन शिकायला बसली की त्यांना मी आधी हे दोन रकाने समजावतो. 'पीडब्ल्यूडी' असं टाइप केलं की यंत्र सध्याचा पत्ता सांगतं (आपलं रस्ते-पुलांचं खातं वेगळं!). नुसतं 'सीडी' टाइप करून एंटर दाबलं की यंत्र तुम्हाला कायमच्या पत्त्यावर, म्हणजे तुमच्या होम डिरेक्टरीत आणून सोडतं. कितीही खोल फोल्डरांत हरवलेले असा, दोन अक्षरं आणि घर.

पण तुमचं घर कुठलं, हे त्याला कोण सांगतं? याचं उत्तर देताना मला दरवेळी पन्नासहून जास्त वर्षं मागं जावं लागतं.

वहीतलं घर

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची यंत्रणा लिहायला घेतली. आज बहुतेक सर्व्हरवर जे लिनक्स चालतं, ते तिच्याच वळणावर बांधलेलं आहे आणि अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. तेव्हा संगणक एकच असायचा आणि त्यावर काम करणारे अनेक. प्रत्येक जण आपापल्या टर्मिनलवर बसून नाव आणि पासवर्ड सांगणार, मग आत जाणार. आत आल्यावर त्याला उतरवायचं कुठं?

३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये याची सोय दिसते. 'पासडब्ल्यूडी' नावाची एक साधी फाइल. दर माणसामागं एक ओळ. त्या ओळीत नाव, पासवर्ड, क्रमांक, सुरुवातीला बसायची डिरेक्टरी आणि त्याच्यासाठी चालू करायचं शेल. शेल म्हणजे आपण टाइप केलेली आज्ञा वाचून ती यंत्राच्या गळी उतरवणारा दुभाष्या. डिरेक्टरीच्या त्या रकान्याला तिथं घर म्हटलेलं नव्हतं. 'डिफॉल्ट वर्किंग डिरेक्टरी' म्हटलं होतं, म्हणजे कामाला बसायची ठरलेली जागा. फडावरच्या माणसाला हे नाव ओळखीचं वाटलं असतं.

ती फाइल आजही प्रत्येक लिनक्सवर आहे. आता तिच्या ओळीत सात रकाने असतात आणि मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. देवनागरीत लिहायची झाली तर एक ओळ साधारण अशी दिसेल:

सविता:×:१००१:१००१:सविता, केज:/होम/सविता:/बिन/बॅश

दुसऱ्या रकान्यात फुली आहे, कारण खरा पासवर्ड आता दुसऱ्या बंदिस्त फाइलीत असतो. सहावा रकाना म्हणजे घर. ग्रामपंचायतीच्या नमुना आठसारखंच हे. घर कुणाच्या नावावर आणि कुठं, याची सार्वजनिक नोंद. आणि नोंद नसणं म्हणजे काय, हेही या फाइलीत वाचायला मिळतं. डेबियन नावाच्या लिनक्समध्ये 'नोबडी' नावाचा एक वापरकर्ता आधीपासून असतो. नोबडी म्हणजे कुणीच नाही. त्याच्या सहाव्या रकान्यात लिहिलेलं असतं '/नॉनएक्झिस्टंट', म्हणजे अस्तित्वात नाही. कमीत कमी हक्क द्यायचे असतील तेव्हा कामं या नावानं चालवतात. गायरानावर घर बांधून राहिलेल्या आणि वहीत जागा न मिळालेल्या कुटुंबाला या ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

घरांची जागाही बदलत गेली. सुरुवातीला रिची-थॉम्पसन यांची घरं '/यूएसआर' नावाच्या डिरेक्टरीत होती. यूएसआर म्हणजे यूजर. मूळ यंत्रणा एका छोट्या डिस्कवर आणि माणसांच्या फाइली दुसऱ्या मोठ्या डिस्कवर, अशी ती विभागणी होती. पुढं यंत्रणेचे प्रोग्राम छोट्या डिस्कवर मावेनात, तेव्हा ते माणसांच्या डिस्कवर घुसले. हळूहळू सगळं यूएसआर त्यांनीच व्यापलं आणि माणसं बाहेर पडली. कुणी '/यू' केलं, कुणी आणखी काही. '/होम' हे नाव रुळायला ऐंशीचं दशक संपत यावं लागलं. धरणाच्या पाण्यात गाव जावं आणि लोकांनी माळावर नवं गावठाण वसवावं, तसाच हा प्रकार. जुन्या गावठाणाचं नाव मात्र राहिलं. यूएसआरमध्ये आज एकही यूजर राहत नाही.

खिशातली चिठ्ठी

वही असली तरी दर वेळी ती उघडून बघणं जिकिरीचं. सुरुवातीच्या थॉम्पसन शेलला घराची आठवणच ठेवता येत नसे. लॉगिन करताना तुम्हाला घरी उतरवलं की त्याची जबाबदारी संपली. मग सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बेल लॅब्जमध्येच जॉन मॅशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडब्ल्यूबी शेल तयार केलं. त्यात एका अक्षराची चलं होती, आणि 'डॉलर एस' या चलात तुमच्या घराचा पत्ता असायचा. स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ता कोरून ठेवायची गरज उरली नाही.

१९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत स्टीफन बोर्न यांचं शेल. त्यात एका अक्षराच्या जागी पूर्ण शब्द आला: 'होम'. या आवृत्तीनं आणखी एक मोठी गोष्ट केली. लॉगिन होताना वहीतला सहावा रकाना वाचून त्याची एक चिठ्ठी तुमच्या खिशात टाकली जाऊ लागली. तुम्ही जो प्रोग्राम चालवाल त्याला त्या चिठ्ठीची प्रत मिळते, त्यानं पुढं चालवलेल्याला आणखी एक. या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला 'एन्व्हायर्न्मेंट' म्हणतात. नुसतं 'सीडी' टाइप केल्यावर शेल हीच होम नावाची चिठ्ठी वाचतं.

म्हणजे आता घराचे पुरावे दोन झाले. एक वहीत, एक खिशात. वहीतली नोंद बदलायला प्रशासकाचे अधिकार लागतात. खिशातली चिठ्ठी तुम्ही स्वतः, किंवा तुमच्या वतीनं चाललेला कुठलाही प्रोग्राम, खोडून नवी लिहू शकतो. कोरी सोडू शकतो. फाडून टाकू शकतो. बॅश शेलमध्ये होम हे चल काढून टाका आणि 'सीडी' म्हणा. ते कुरकुरतं की होम ठरवलेलं नाही. वहीत नोंद असूनही ते वही उघडून बघत नाही.

ही बाब नुसती पुस्तकी नाही. 'सुडो' वापरून दुसऱ्याच्या अधिकारानं काम करताना चिठ्ठी कुणाची धरायची, यावर यंत्रणांचं एकमत नव्हतं. उबुंटूमध्ये अनेक वर्षं सुडो केल्यावरही होम तुमचंच राहायचं. त्यामुळं मालकाच्या अधिकारानं चाललेला प्रोग्राम तुमच्या घरात फाइली लिहायचा आणि नंतर त्या तुम्हालाच उघडता यायच्या नाहीत. २०१९ च्या १९.१० आवृत्तीपासून त्यांनी हे बदललं.

घराचं चिन्ह

आता शीर्षकातल्या त्या नागमोडी रेघेकडं येऊ. फोनच्या कीबोर्डवर ती चिन्हांच्या आतल्या पानावर लपलेली असते. तिला टिल्ड म्हणतात, आणि कमांड लाइनवर तिचा अर्थ 'माझं घर' असा आहे. हा अर्थ तिला कुठून मिळाला?

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी 'सी शेल' लिहीत होता. तो लिअर सीगलर कंपनीचं एडीएम-३ए हे टर्मिनल वापरायचा. त्या कीबोर्डवर एकाच बटणावर दोन गोष्टी छापलेल्या होत्या: टिल्डचं चिन्ह आणि 'होम' हा शब्द. त्या होमचा राहत्या घराशी काही संबंध नव्हता. पडद्यावरचा कर्सर डाव्या-वरच्या कोपऱ्यात नेण्यासाठी ते बटण होतं. पण चिन्ह आणि शब्द शेजारी होते, आणि सी शेलमध्ये टिल्ड म्हणजे होम झालं. ते टर्मिनल कधीच भंगारात गेलं, त्याच्या एका बटणावरची छपाई जगभरच्या संगणकांत टिकली.

सी शेलमध्ये टिल्डची दोन रूपं आली. एकटी टिल्ड म्हणजे माझं घर. टिल्डला चिकटून नाव लिहिलं, समजा '~सविता', तर सविताचं घर. दिसायला सारखी, पण आजच्या बॅशसारख्या शेलमध्ये त्यांची विचारपूस वेगवेगळ्या दारी होते. एकटी टिल्ड आधी खिशातली चिठ्ठी वाचते. नाव जोडलेली टिल्ड थेट वही उघडते. म्हणून मुलांना मी एक प्रयोग करायला लावतो: होम चलात मुद्दाम दुसराच पत्ता भरा, मग दोन्ही टिल्ड छापून बघा. तुमची दोन घरं दिसतील. दुभाष्याला नक्की काय विचारलंत यावर उत्तर ठरतं.

दुभाषेही निरनिराळे. बोर्न यांच्या मूळ शेलला टिल्ड कळतच नसे. ती त्याला साधं अक्षर वाटायची. डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलनं ती सी शेलकडून उचलली. १९८९ चं बॅश आणि १९९० चं झेडशेल या दोघांनीही ती घेतली, आणि १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणानं तिला अधिकृत केलं. तरीही एक गोष्ट तशीच आहे, आणि तिच्यात नवशिके हमखास अडकतात. टिल्डचा अर्थ फक्त शेलला कळतो. यंत्रणेच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ती काय हे ठाऊक नाही. तुम्ही ती अवतरणचिन्हांत टाकली, किंवा पायथॉनमध्ये फाइल उघडताना सरळ वापरली, तर तिचं घरात रूपांतर होत नाही. मग एखादा प्रोग्राम समोरच्या फोल्डरात खरोखरच '~' नावाचं फोल्डर तयार करून ठेवतो. ते फालतू फोल्डर दिसतं. काढून टाकावंसं वाटतं. आणि पुसून टाकायची आज्ञा देताना त्याचं नाव जसंच्या तसं टाइप केलं, तर शेल इमानदारीनं त्याचा अर्थ लावतं आणि तुमचं खरं घर रिकामं करतं. अशा वेळी टिल्डच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ लावायची, './~' अशी. म्हणजे 'इथं पडलेलं, त्या नावाचं'.

खिडकीपलीकडचं घर

विंडोजकडं घराची कल्पना उशिरा आली. १९८१ च्या डॉसमध्ये वापरकर्ता नावाची गोष्टच नव्हती. जो खुर्चीवर बसेल तो मालक, त्यामुळं घर कुणाचं हा प्रश्नच नाही. विंडोज एनटीपासून माणसागणिक नोंदी आल्या आणि त्यांच्या घरांनी पुन्हा पुन्हा स्थलांतर केलं. एनटी ४ मध्ये विंडोजच्याच पोटात 'प्रोफाइल्स'. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज', ज्या नावातल्या मोकळ्या जागांनी कित्येक स्क्रिप्टांना ठेच लागली. व्हिस्टापासून साधं 'यूजर्स'.

तिथलं जुनं शेल 'सीएमडी'. त्याला टिल्ड कळत नाही. नुसतं 'सीडी' म्हटलं तर ते घरी नेत नाही, उभे आहात तो पत्ता छापतं. घर हवं असेल तर दोन टक्केचिन्हांच्या मध्ये 'यूजरप्रोफाइल' लिहावं लागतं. २००६ मध्ये आलेलं पॉवरशेल युनिक्सकडून शिकलं. त्याला 'डॉलर होम'ही कळतं आणि टिल्डही.

विंडोजच्या घराच्या नावातही एक गंमत आहे. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्ट खातं वापरून संगणक सुरू केला, की ईमेलची पहिली पाच अक्षरं तुमच्या घराचं नाव बनतात. इंग्रजी स्पेलिंगच्या पाच अक्षरांत ज्ञानेश्वरचं 'ज्ञान' होतं. भाग्यश्रीचं 'भाग्य'ही पुरतं होत नाही. आणि कुणी अभिमानानं नाव देवनागरीत लिहिलं, तर घराचा पत्ता देवनागरीत होतो आणि काही जुने प्रोग्राम त्या पाटीपाशी अडखळतात.

गृहीत धरू नका, विचारा

इतक्या दुभाष्यांतून आणि स्थलांतरांतून एक साधा नियम तयार झाला. लिनक्समध्ये कुठली फाइल कुठं ठेवावी, याचं एक प्रमाण आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९४ ची. त्यात घरांसाठी /होम ही जागा सुचवली आहे, आणि सोबत बजावलंय की कुठल्याही प्रोग्रामनं घर तिथंच असेल असं धरून चालू नये, यंत्रणेला विचारावं. कारण घर खरंच कुठंही असू शकतं. कॉलेजच्या लॅबमध्ये वही दूरच्या सर्व्हरवर असते. अशा वेळी समोरची पासडब्ल्यूडी फाइल चाळून उपयोग नाही, 'गेटएंट' या आज्ञेनं विचारावं लागतं. मॅकवर तर आपली नोंद त्या फाइलीत सापडतच नाही, तिथं नोंदींचं दफ्तर वेगळं आहे.

न विचारण्याची किंमत २०१५ च्या जानेवारीत दिसली. स्टीम या गेमच्या दुकानाच्या लिनक्स आवृत्तीत एक स्क्रिप्ट होती. आपलं फोल्डर कुठं आहे हे ती एका चलात ठेवायची आणि त्या चलापुढं तिरकी रेघ लावून आतलं सगळं पुसायची. एका वापरकर्त्यानं ते फोल्डर दुसरीकडं हलवलं होतं. स्क्रिप्टला पत्ता सापडला नाही, चल कोरं राहिलं. कोऱ्या पत्त्यापुढं तिरकी रेघ म्हणजे अख्खी डिस्क. पुसण्याचा अधिकार होता ते सगळं गेलं, अगदी जोडून ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्कवरचंसुद्धा. कोऱ्या रकान्याची तपासणी एका ओळीत झाली असती.

पत्ता कोरून ठेवणं म्हणजे काय, हे आमच्याकडं रेशनच्या दुकानात कळतं. पूर्वी कार्ड गावच्या एका दुकानाला बांधलेलं असायचं. माणसं फडावर, धान्य गावात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात कार्ड कुठंही चालवून बघायला सुरुवात झाली आणि १ जानेवारी २०२० पासून कर्नाटकही त्या जाळ्यात आलं. आता दुकानदारानं कार्डावरचं गाव बघायचं नाही, क्रमांक टाकून यंत्राला विचारायचं. अर्थात विचारणंही फुकट नसतं. रेंज लागते, आणि अंगठा उमटावा लागतो. कोयता धरून झिजलेल्या बोटाला यंत्र दर वेळी ओळखेलच असं नाही. तेव्हा वहीत नाव असूनही माणूस दारातच उभा राहतो.

आणि तुमच्या फोनमध्ये?

माझ्याकडं येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांकडं लॅपटॉप नाही. ती फोनवर 'टर्मक्स' हे ॲप टाकून बॅश शिकतात. ते उघडून 'हू-ॲम-आय', म्हणजे 'मी कोण', असं विचारलं की स्वतःचं नाव येत नाही. 'यू०_ए२१३' असलं काहीतरी येतं. यू० म्हणजे फोनचा पहिला माणूस, ए२१३ म्हणजे त्या फोनवरचं २१३ क्रमांकाचं ॲप.

युनिक्सनं वही तयार केली ती माणसांसाठी. अँड्रॉइडनं तोच नियम ॲपना लावला. प्रत्येक ॲप हा स्वतंत्र वापरकर्ता, त्याचा स्वतंत्र क्रमांक आणि '/डेटा/डेटा' या डिरेक्टरीत त्याचं कुलूपबंद घर. शेजारच्या ॲपला तिथं डोकावता येत नाही. तुमच्या बँकेचं ॲप एखाद्या फुकट्या गेमपासून सुरक्षित आहे, ते बऱ्याच अंशी यामुळं. पण /होमसारखं, तुमच्या नावाचं घर या फोनमध्ये नाही. फोटो-डाउनलोडसाठी एक सामाईक ओसरी आहे, बाकी सगळी घरं ॲपच्या नावावर. टर्मक्समध्ये टिल्ड छापून बघितली की पत्ता टर्मक्सच्याच घरातला येतो. तुम्ही तिथं पोटभाडेकरू.

आणि घरमालक गेला की घर पाडतात. ॲप काढून टाकलं की त्याच्या नावाची डिरेक्टरी यंत्रणा पुसते, आत तुमचा सहा महिन्यांचा अभ्यास असला तरी. म्हणून मुलांना पहिल्याच आठवड्यात आणखी एक आज्ञा शिकवतो: 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज'. ती ओसरीचं दार उघडून देते. लिहिलेलं सगळं दर शनिवारी तिकडं उतरवायचं आणि एक प्रत फोनबाहेर कुठंतरी, मित्राच्या पेनड्राइव्हवर का होईना, ठेवायची. फोनमधली जागा भरत आली की ॲप काढून टाकण्याआधी तेवढं बघून घ्यायचं.